घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ आपोआप कन्व्हर्ट कसे करायचे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज भागात घरोघरी लग्नाच्या सीड्या, बारशाच्या मिनीडीव्ही कॅसेटा, हँडीकॅमच्या फायली आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधले व्हिडिओ असं सगळं साठून पडलंय. टीव्हीवर लागत नाही म्हणून लोक एकेक फाईल हाताने कन्व्हर्ट करायला बसतात, एखादा रविवार करतात आणि कंटाळून सोडून देतात. हे काम कॉम्प्युटरला रात्री एकट्याने करायला लावता येतं, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये, साध्या मशीनवर. कन्व्हर्ट करायला मशीन आहेच, खरी काळजी घ्यायची ती मूळ फाईल सुखरूप ठेवायची आणि नवी फाईल खरंच पूर्ण झालीय का ते बघायची, त्यामुळे खालच्या उत्तरांत त्यावर जास्त लिहिलंय. सेटिंगची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत दिलीत, कॉम्प्युटरवर ती इंग्रजी अक्षरांतच टाईप करायची.

सगळ्याच फायली कन्व्हर्ट कराव्या लागतात का?

नाही, आणि निम्मं काम इथेच वाचतं. व्हिडिओ फाईलमध्ये दोन गोष्टी असतात, बाहेरचा कंटेनर म्हणजे एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही वगैरे, आणि आतला कोडेक म्हणजे एच.२६४, एच.२६५, एमपेग-२ असलं काहीतरी. सांगलीच्या माणसाला हळदीवरून लगेच कळेल, कंटेनर म्हणजे पोतं आणि कोडेक म्हणजे आतली हळकुंडं. पोतं बदललं तर हळकुंडं तशीच राहतात, पण एकदा दळली की परत हळकुंड होत नाही. व्हिडिओचंही तसंच, नुसता कंटेनर बदलायला मिनिटभर लागतं आणि क्वालिटी एक कणभरही कमी होत नाही, आतला कोडेक बदलायचा म्हणजे सगळं परत एन्कोड करायचं, म्हणजे चित्र नव्याने दाबून साठवायचं, त्यात तासन् तास जातात आणि थोडी तरी क्वालिटी कायमची जाते. म्हणून आधी नुसतं पोतं बदलून भागतंय का ते बघायचं. एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडेकच्या जागी 'कॉपी' लिहिलं की हेच होतं. हँडब्रेक नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे होत नाही, तो व्हिडिओ दरवेळी नव्याने एन्कोड करतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि उगाच चांगल्या फायली दळल्या जातात.

मग कुठल्या फाईलला काय करायचं हे कसं ओळखायचं?

मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका, फाईल त्यात ओढली की आतलं सगळं दिसतं. आपल्याकडे साधारण हे प्रकार सापडतात.

लग्नाची व्हीसीडी असेल तर आत डॅट फाईल असते, त्यात एमपेग-१ आणि फक्त ३५२ बाय २८८ चं चित्र. ते एच.२६४ मध्ये न्यायचं, पण मोठं करून फुल एचडी करत बसू नका, नसलेली बारकाई येत नाही, फाईल तेवढी फुगते. डीव्हीडीत व्हीओबी फायली असतात, एमपेग-२, ७२० बाय ५७६. इथे एक गोष्ट सांभाळा, डीव्हीडीवर एकच लग्न एक-एक जीबीच्या तुकड्यांत पडलेलं असतं, स्क्रिप्टने, म्हणजे कमांडा लिहून ठेवलेल्या छोट्या फाईलने, प्रत्येक तुकडा वेगळा कन्व्हर्ट केला तर मंगलाष्टका मध्येच तुटतात. म्हणून डीव्हीडीवरचा 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर अख्खाच्या अख्खा हँडब्रेकला द्यायचा, तो टायटल ओळखून सलग फाईल करतो. हँडीकॅमच्या एमटीएस फायलींमध्ये आत बहुतेक एच.२६४ च असतं, तिथे नुसतं पोतं बदलून काम होतं. लांब शूटिंग असेल तर कॅमेऱ्याने तेही तुकडे केलेले असतात, ते आधी क्रमाने जोडून मग पुढे न्यायचे. मिनीडीव्ही फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर उतरवली असेल तर तासाला साधारण १३ जीबी होते, ती मूळ म्हणून तशीच जपा आणि बघायला वेगळी प्रत करा. आयफोनचे व्हिडिओ २०१७ नंतर, म्हणजे आयओएस ११ पासून, हाय एफिशिएन्सी सेटिंग असेल तर एच.२६५ मध्ये येतात आणि जुने टीव्ही ते दाखवत नाहीत.

चित्र दिसतंय पण आवाज येत नाही असं असेल तर आवाज डीटीएस या फॉरमॅटमध्ये आहे का बघा. पुष्कळ टीव्हींना तो चालत नाही. तेव्हा चित्र कॉपी करायचं आणि फक्त आवाज एएसी या फॉरमॅटमध्ये बदलायचा.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

दोन पुरतात, हँडब्रेक आणि एफएफएमपेग, दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतात. एफएफएमपेग फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलं आणि आज व्हिडिओची अर्धी दुनिया आतून त्याच्यावरच चालते. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत, कमांड लिहावी लागते, पण म्हणूनच ते ऑटोमेशनला सगळ्यात चांगलं. हँडब्रेकला खिडकी आहे, रांग लावता येते, रांग संपली की कॉम्प्युटर बंद कर असंही सांगता येतं. ज्याला आयुष्यात एकदाच पन्नासेक फायली करायच्या आहेत त्याने सरळ हँडब्रेकमध्ये फोल्डर उघडावा, सगळ्या रांगेत टाकाव्यात आणि झोपावं, स्क्रिप्टच्या मागे लागू नये. घरात सारख्या नव्या फायली येत असतील तर मात्र एफएफएमपेग शिकण्यात घातलेला वेळ भरून निघतो.

फ्री कन्व्हर्टर म्हणून शोधलं की वर जी वेबसाईट येते ती घेऊ नका, कुणी व्हिडिओवर आपला शिक्का मारतं, कुणी सोबत दुसरंच काहीतरी बसवतं. आणि ऑनलाइन कन्व्हर्टरवर घरच्या लेकीबाळींचे व्हिडिओ अपलोड करणं मला तर अजिबात पटत नाही.

सेटिंग काय ठेवू? क्वालिटी जाऊ नये आणि फाईलही लहान व्हावी.

दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाही, पण मधला चांगला मार्ग आहे. टीव्हीसाठी एमपीफोर कंटेनर, एच.२६४ व्हिडिओ, एएसी ऑडिओ हेच घ्या. हे स्टँडर्ड २००३ चं आहे आणि जवळपास सगळ्या टीव्ही-मोबाईलवर चालतं. एच.२६५ २०१३ चं आणि एव्ही१ २०१८ चं, त्यात फाईल लहान होते, पण पाहुण्यांच्या टीव्हीवर लागेल याची खात्री नाही. घरच्या व्हिडिओसाठी मला 'कुठेही लागणं' जास्त महत्त्वाचं वाटतं.

बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, ठरवत बसण्यापेक्षा सीआरएफ हा क्वालिटीचा आकडा वापरा. आकडा ० ते ५१, जितका कमी तितकी क्वालिटी जास्त, एच.२६४ ला डिफॉल्ट २३ असतो. आकडा ६ ने कमी केला की फाईल साधारण दुप्पट होते, ६ ने वाढवला की निम्मी. घरच्या आठवणींसाठी मी २० सांगतो, जुनी डीव्हीडी असेल तर १८, कारण तिथे आधीच माती झालेली असते आणि आणखी दाबलं की चेहऱ्यांवर चौकोन दिसायला लागतात. एक लक्षात ठेवा, एच.२६५ चा डिफॉल्ट २८ आहे, दोन्हीचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. प्रीसेट, म्हणजे एन्कोडचा वेग, मीडियम किंवा स्लो ठेवा, रात्रीच चालणार आहे तर घाई कशाला.

पिक्सेल फॉरमॅट (रंग किती बारकाईने साठवायचे ते) ८ बिट ४:२:० ठेवायला विसरू नका, १० बिटचं एच.२६४ बहुतेक टीव्ही उघडत नाहीत. आणि फास्टस्टार्ट हा पर्याय चालू करा, त्याने फाईलची अनुक्रमणिका पुढे येते आणि वायफायवरून टीव्हीवर लावली की लगेच सुरू होते.

फोल्डरमध्ये फाईल टाकली की आपोआप कन्व्हर्ट व्हावी, हे नेमकं कसं करायचं?

हँडब्रेकच्या साध्या प्रोग्रॅममध्ये फोल्डरवर लक्ष ठेवायची सोय नाही, म्हणून एफएफएमपेग आणि छोटी स्क्रिप्ट. विंडोजवर बॅच फाईल किंवा पॉवरशेल, लिनक्सवर शेल स्क्रिप्ट, मॅकवर ऑटोमेटरचं फोल्डर अॅक्शन. कल्पना सगळीकडे एकच.

चार फोल्डर करा: आवक, चालू, तयार आणि अडलेले. आणि मूळ फायलींचा साठा यांच्यापासून पूर्ण वेगळा, दुसऱ्या डिस्कवर, तिथे स्क्रिप्टला जाऊच द्यायचं नाही, आवकमध्ये नेहमी कॉपी टाकायची. स्क्रिप्ट दर दहा मिनिटांनी उठते, आवकमध्ये बघते, एखादी फाईल असेल तर तिला चालूमध्ये हलवते, कन्व्हर्ट करते, तपासते, सगळं नीट असेल तर तयारमध्ये टाकते आणि काही गडबड असेल तर अडलेलेमध्ये ठेवून लॉग फाईलमध्ये एक ओळ लिहिते. बस एवढंच. अडलेले हा फोल्डर नसला की एकच खराब फाईल रात्रभर परत परत येत राहते आणि बाकीच्या मागे खोळंबतात.

यात तीन-चार जागी लोक अडतात. पहिली, मोठी फाईल पेनड्राइव्हवरून आवकमध्ये कॉपी होत असतानाच स्क्रिप्ट तिला उचलते आणि अर्धीच कन्व्हर्ट होते. उपाय सोपा आहे, कॉपी आधी त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये करायची आणि पूर्ण झाली की आवकमध्ये हलवायची, एकाच ड्राइव्हवर हलवणं क्षणात होतं त्यामुळे अर्धी फाईल कधी दिसतच नाही. घरातले बाकीचे लोक फायली टाकणार असतील आणि त्यांना हे लक्षात राहणार नसेल तर स्क्रिप्टनेच फाईलची साईज बघायची, दोन मिनिटं थांबायचं, परत बघायची, वाढली नसेल तरच उचलायची.

दुसरी, नावात स्पेस. 'ताईचं लग्न भाग दोन' असं नाव असलं आणि कमांडमध्ये अवतरणचिन्हं नसली की एफएफएमपेगला ती चार वेगळी नावं वाटतात. तिसरी, बॅच फाईलमधल्या फॉर लूपमध्ये टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं, कमांड विंडोत टाईप करताना एकदाच, त्यामुळे हाताने चालणारी कमांड फाईलमध्ये टाकली की चालत नाही. चौथी लिनक्सवाल्यांसाठी, शेलच्या व्हाईल लूपमध्ये यादी वाचत असताना एफएफएमपेग कीबोर्डचं इनपुट म्हणून तीच यादी खाऊन टाकतं आणि पहिल्या फाईलनंतर सगळं विचित्र होतं, तिथे नोस्टडिन हा पर्याय द्यायचा.

स्क्रिप्ट लिहायच्या आधी एकच फाईल हाताने कमांड देऊन करा आणि ती घरच्या टीव्हीवर लावून बघा. ती टीव्हीवर नीट लागली की मगच तिला लूपमध्ये घाला.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणारी सोय) स्क्रिप्ट लावली पण रात्री काहीच झालं नाही, का?

बहुतेक वेळा स्क्रिप्ट बरोबर असते आणि शेड्युलरच्या डिफॉल्ट सेटिंगने ती अडवलेली असते. लॅपटॉप असेल तर 'चार्जर लावलेला असेल तरच सुरू कर' हे आधीपासून टिक केलेलं असतं, आणि बॅटरीवर गेला की टास्क थांबवही असतं. दुसरं म्हणजे कॉम्प्युटर झोपतो. प्रोसेसर शंभर टक्के चालू असला तरी माऊस-कीबोर्डला कुणी हात लावला नाही की विंडोज त्याला रिकामाच समजतं आणि स्लीपमध्ये टाकतं, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये चार्जरवर असताना स्लीप 'नेव्हर' करा. तीन दिवसांपेक्षा जास्त चाललेली टास्क बंद कर असंही एक डिफॉल्ट आहे, मोठा साठा लावला असेल तर ते काढा. 'आधीची चालू असेल तर नवीन सुरू करू नको' हे मात्र असू द्या, नाहीतर दर दहा मिनिटांनी नवीन एफएफएमपेग उभा राहील आणि मशीन गळून जाईल.

नेटवर्क ड्राइव्ह झेड, वाय असल्या अक्षराने जोडला असेल आणि टास्क 'लॉगिन नसतानाही चालव' अशी ठेवली असेल तर ते अक्षर टास्कला दिसत नाही, पूर्ण नेटवर्क पत्ता लिहायचा.

मध्येच लाईट गेली तर?

एमपीफोर फाईलची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच लाईट गेली तर तीन तासांपैकी अडीच तास झालेली फाईलसुद्धा उघडतच नाही. एमकेव्हीचं तसं नसतं, जिथपर्यंत झालं तिथपर्यंत चालते. पण अर्धी फाईल काय कामाची, परतच करायची आहे. खरा धोका असा की लाईट आल्यावर स्क्रिप्टला तयारमध्ये त्या नावाची फाईल दिसते, ती समजते हे झालंय, आणि पुढे जाते. कित्येक महिन्यांनी कुणीतरी टीव्हीवर लावायला जातं तेव्हा कळतं.

म्हणून नवी फाईल चालू फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहायची आणि पूर्ण होऊन तपासणी झाली की मगच खरं नाव देऊन तयारमध्ये न्यायची. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर स्क्रिप्टने पहिलं काम म्हणजे चालूमधल्या तात्पुरत्या फायली पुसायच्या आणि मूळची कॉपी परत आवकमध्ये टाकायची. एवढं केलं की लाईट रात्रीत कितीदा का जाईना, फारतर एका फाईलचा वेळ वाया जातो. डेस्कटॉप घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नॉर्मल मोडमध्ये बदलायला लागणाऱ्या त्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो. जमलं तर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, 'लाईट आल्यावर आपोआप सुरू हो' हे चालू करा.

झालेली फाईल बरोबर आहे हे कसं तपासायचं? प्रत्येक फाईल तीन तास बघत बसू का?

नाही, हेही स्क्रिप्टकडूनच करून घ्यायचं, आणि हा भाग टाळू नका ही माझी अगदी मनापासून विनंती आहे. एफएफएमपेगने शून्य एरर सांगितलं म्हणजे सगळं ठीक असं होत नाही, मूळ सीडीवर चरे असतील तर ते खराब फ्रेम सोडून पुढे जातं आणि शेवटी काम झालं म्हणतं.

तीन तपासण्या पुरतात. एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोबने मूळ आणि नव्या फाईलचा कालावधी काढायचा, एका सेकंदापेक्षा जास्त फरक असेल तर अडलेलेमध्ये. चित्र आणि आवाज दोन्हीचे स्ट्रीम आहेत का बघायचं. आणि नवी फाईल पूर्ण डीकोड करून बघायची, आउटपुट नल ठेवलं की कुठलीही फाईल तयार होत नाही, फक्त चुका लॉगमध्ये येतात, आणि एन्कोडच्या मानाने हे लवकर होतं. त्याच्यानंतर माणसाने दहा-दहा सेकंद सुरुवात, मध्य आणि शेवट बघायचा. शेवट नक्की बघा, आवाज आणि ओठ पुढेमागे होत असतील तर ते शेवटाला सगळ्यात स्पष्ट दिसतं. मोबाईलच्या व्हिडिओत हे जास्त होतं कारण मोबाईल उजेडाप्रमाणे फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, कमी-जास्त करतो, तेव्हा कन्व्हर्ट करताना कॉन्स्टंट फ्रेम रेट द्यायचा.

तपासून झालं, आता मूळ फाईल स्क्रिप्टने आपोआप डिलीट करू का?

नको. स्क्रिप्टमध्ये मूळ साठ्यावर डिलीटची कमांड लिहूच नका. आज टीव्हीसाठी केलेली प्रत दहा वर्षांनी जुनी वाटेल आणि तेव्हा परत चांगली प्रत करायला मूळच लागेल, प्रतीवरून प्रत केली की दरवेळी थोडं थोडं जातंच.

आणि सांगलीत राहून एकाच घरात एकच हार्डडिस्क ठेवणं बरोबर नाही. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी कुठवर आलं ते सगळ्यांनी बघितलंय. गावभागात, हरिपूर रोडला, नदीकाठच्या गावांत लोकांचे अल्बम गेले, कॅसेटा गेल्या, कॉम्प्युटर गेले. नवीन कॉम्प्युटर विकत मिळतो, आजोबांचा बोलतानाचा व्हिडिओ मिळत नाही. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक तरी दुसऱ्या गावात. एक डिस्क विट्याला, आटपाडीला, जतला नातेवाइकांकडे ठेवा, त्या बाजूला पाऊस कमी आणि कृष्णेचं पाणी तिथे पोचत नाही. दर दिवाळीला जाणं-येणं होतंच, तेव्हा नवीन फायली त्यात भरायच्या. डिस्क घरातच असेल तर निदान खालच्या कपाटात नको, माळ्यावर ठेवा.

कॉपी खरंच तशीच झाली का बघायला विंडोजमध्येच सर्टयूटिल आहे, दोन्ही फायलींचा एसएचए२५६, म्हणजे फाईलच्या आतल्या डेटावरून निघणारा ठसा, काढायचा, सारखा आला म्हणजे बिटनबिट तीच. स्क्रिप्टकडून सगळ्या मूळ फायलींची अशी यादी करून ठेवा, पुढच्या वर्षी परत काढून ताडून बघता येते आणि डिस्क खराब व्हायला लागली असेल तर वेळेत कळतं.

पुरात भिजलेली कॅसेट असेल तर ती प्लेअरमध्ये घालू नका आणि उन्हात वाळवू नका, टेप रिस्टोअर करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

जुन्या व्हिडिओत माणूस हलला की आडव्या रेघा दिसतात.

जुने कॅमेरे इंटरलेस्ड चित्र घ्यायचे, एका सेकंदात ५० अर्धी चित्रं, एकात सम रेघा एकात विषम. जुन्या डबडा टीव्हीवर ते छान दिसायचं, आताच्या एलईडीवर अर्धी चित्रं एकत्र दिसली की कंगव्यासारखे दाते दिसतात. डीइंटरलेस फिल्टर लावायचा, एफएफएमपेगमध्ये याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ, दुसरा जास्त चांगला. प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र करायला सांगा, म्हणजे ५० फ्रेम होतात आणि वरातीतला नाच मूळसारखा सुळसुळीत दिसतो. हँडब्रेकमध्येही हा फिल्टर आहे. सगळ्या फायलींना सरसकट लावू नका, मोबाईलच्या व्हिडिओला लावला तर उगाच चित्र मऊ पडतं, म्हणून जुन्यांसाठी वेगळा आवक फोल्डर करा.

चेहरे ताणलेले किंवा बारीक दिसत असतील तर ७२० बाय ५७६ चे पिक्सेल चौकोनी नसतात हे कारण. पिक्सेलचं प्रमाण मूळचंच पुढे न्यायचं, हाताने साईज टाकायची नाही.

गाण्याची मैफल, नाटक यांचं रेकॉर्डिंग आहे, काही वेगळं करायचं का?

हो, आवाजाला हात लावू नका. सांगली नाटकवाल्यांचं गाव, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं नाटक इथेच केलं, आणि पलीकडे मिरजेत सतार-तंबोरे बनवणारी घराणी आणि दर्ग्याच्या उरुसातलं गाणं. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत कुणाच्या तरी काकांनी हँडीकॅमवर घेतलेली मैफल किंवा गावातल्या मंडळाचं नाटक पडून असतं, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. तंबोऱ्याचा आवाज कमी बिटरेटमध्ये आधी मरतो, त्याची गुंज जाऊन नुसती सळसळ राहते. मूळ आवाज एसी३ या फॉरमॅटमध्ये असेल आणि टीव्हीला चालत असेल तर तसाच कॉपी करा. बदलावाच लागला तर एएसी २५६ केबीपीएसपेक्षा खाली जाऊ नका, आणि मिनीडीव्हीतला आवाज असेल तर बाजूला एक फ्लॅक प्रत काढून ठेवा, त्यात काहीच हरवत नाही. आवाज 'सारखा' करणारे नॉर्मलाइज फिल्टर स्क्रिप्टमध्ये घालू नका, विलंबित खयालातला हळू आलाप आणि द्रुत तान दोन्ही एकाच जोराने ऐकू यायला लागतात.

नाटकात अंधारातले प्रवेश असतात, तिथे सीआरएफ १८.

आयफोनचा व्हिडिओ कन्व्हर्ट केल्यावर रंग फिके का पडतात?

तो एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग जास्त बारकाईने साठवणाऱ्या प्रकारात, घेतलेला असतो, १० बिट, आणि आपण साध्या ८ बिटमध्ये नेतो. टोनमॅप फिल्टर लावावा लागतो. पुढच्या वेळेसाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करा आणि फॉरमॅट 'मोस्ट कम्पॅटिबल' ठेवा, कन्व्हर्ट करायची वेळच येणार नाही.

किती वेळ लागेल? ग्राफिक कार्ड घ्यावं का?

मशीनवर आहे. पाच मिनिटांचा तुकडा करून बघा, एफएफएमपेग चालताना स्पीड दाखवतं. स्पीड ०.५ असेल तर तीन तासांच्या लग्नाला सहा तास, म्हणजे एक रात्र. इंटेल प्रोसेसरमधलं क्विक सिंक (२०११ पासून) किंवा एनव्हिडियाच्या कार्डातलं एनव्हीएन्क (२०१२ पासून), म्हणजे एन्कोड करायची चिपमधलीच सोय, वापरलं तर कितीतरी पटीने लवकर होतं, पण तेवढ्याच क्वालिटीला फाईल मोठी होते. रात्र फुकट आहे, त्यामुळे यासाठी म्हणून कार्ड विकत घेऊ नका.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन माहितीय. लॅपटॉप गादीवर ठेवून रात्रभर एन्कोड चालवू नका, खालून हवा जायला जागा ठेवा, थ्रेड (एका वेळी समांतर चालणारी कामं) कमी करा, पंख्यातली धूळ आधी काढा. दिवसाही चालू ठेवायचं असेल तर प्रोसेसची प्रायॉरिटी लो करा, बाकीची कामं अडत नाहीत.

फाईलची नावं मराठीत ठेवली तर चालतं का?

कॉम्प्युटरला चालतं, बॅच फाईलला मात्र सांगावं लागतं, सुरुवातीला सीएचसीपी ६५००१ ही ओळ टाका आणि फाईल बॉमशिवाय (बॉम म्हणजे फाईलच्या सुरुवातीची लपलेली खूण) यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. काही टीव्हींवर मराठी नावाच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून टीव्हीच्या प्रतींना इंग्रजी नावं द्या. तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस अशी, मग कार्यक्रम, मग गाव. सगळं आपोआप क्रमाने लागतं.

कन्व्हर्ट केल्यावर सगळ्या व्हिडिओंना आजचीच तारीख लागते.

मेटाडेटा, म्हणजे फाईलच्या आत लिहिलेली तारीख वगैरे माहिती, पुढे न्यायचा पर्याय द्या आणि शेवटी स्क्रिप्टने फाईलची मॉडिफाइड तारीख मूळ फाईलवरून घ्यावी, पॉवरशेलमध्ये एका ओळीचं काम आहे. एक बारीक गोष्ट, आतली वेळ पुष्कळदा यूटीसीत असते, आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे चारची काकडआरती आदल्या दिवशीची दिसते. सुधारायला जाऊ नका, तशीच असू द्या.

पेनड्राइव्हवर कॉपीच होत नाही, जागा तर आहे.

पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. एक्सफॅट करा, आणि जुना टीव्ही एक्सफॅट ओळखत नसेल तर एनटीएफएस करून बघा. फॉरमॅट करायच्या आधी आतलं सगळं काढून घ्या.

व्हॉट्सअॅपवर आलेले लग्नाचे व्हिडिओ सुधारतील का?

नाही, व्हॉट्सअॅपने दाबताना जे गेलं ते गेलं. ज्याने शूट केलंय त्याच्याकडून मूळ मागा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, २ जीबीपर्यंत फाईल तशीच येते. लग्नानंतर आठवड्याभरात मागा, वर्षाने त्यांच्याही मोबाईलमध्ये नसते.

विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीड्या?

त्यांना कॉपी प्रोटेक्शन असतं, हँडब्रेक ते तोडत नाही आणि मीही सांगणार नाही. इथलं सगळं आपल्या स्वतःच्या व्हिडिओंसाठी आहे.

जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्याच्यावर हे सगळं चालेल का?

चालेल, उलट या कामाला तोच चांगला, कारण तुमचा रोजचा कॉम्प्युटर मोकळा राहतो. ४ जीबी रॅम असेल तर डीव्हीडी आणि एचडीला पुरते, फोर-केला कमी पडेल. हलकं लिनक्स टाका, क्रॉनमध्ये (लिनक्सचा टास्क शेड्युलर) स्क्रिप्ट लावा किंवा इनोटिफायने फोल्डरवर लक्ष ठेवा, आवक फोल्डर घरच्या वायफायवर शेअर करा म्हणजे घरातलं कुणीही मोबाईलवरून त्यात फाईल टाकू शकतं. जुन्या मशीनची हार्डडिस्क मात्र आधी 'स्मार्ट' या डिस्कच्या तब्येतीच्या तपासणीत बघून घ्या, रीअॅलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने डिस्कने बदललेले भाग) दिसले तर ती फक्त चालू फोल्डरसाठी ठेवा, मूळ साठा किंवा तयार फायली तिच्यावर ठेवू नका. आणि पहिल्या रात्री सगळा साठा न लावता कमी महत्त्वाच्या पाच-दहा फायली लावा, सकाळी लॉग बघा, अडलेलेमध्ये काय आलंय ते बघा, मग लग्नाच्या फायलींकडे वळा.